ताइनानचे दोन डच किल्ले आणि मधला हरवलेला समुद्र

तैवानमधल्या ताइनान शहरात दोन दिवस जाणाऱ्या कुणाचाही बेत बघा, त्यात 'डच किल्ला, एक तास' ही ओळ हमखास असते. कुठला डच किल्ला, असं विचारलं की समोरचा गोंधळतो. मग फोनवर फोटो दाखवतो छिकानचा, तारखा सांगतो आनपिंगच्या आणि नकाशावर खूण असते तिसऱ्याच ठिकाणी. हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

छिकान लौबद्दल फार सांगत नाही, तो बहुतेकांना माहीत असतो. गावात, रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वळलेल्या छपरांच्या चिनी इमारती, समोर दगडी कासवांच्या पाठीवर उभे केलेले छ्यानलोंग या चिनी बादशहाच्या काळातले नऊ शिलालेख. फोटोत दिसणारं यातलं काहीही डच नाही. छपरं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. डचांनी इथे 1653 साली प्रोव्हिन्शिया नावाचा किल्ला बांधला, कारण आदल्याच वर्षी चिनी शेतकऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध उठाव केला होता. पुढे भूकंपात तो ढासळला. आज त्याचा पाया आणि विटांच्या एका दाराचे अवशेष तेवढे शिल्लक आहेत, तेही मुद्दाम शोधावे लागतात.

आनपिंग या किनाऱ्याकडच्या भागातला किल्ला म्हणजे झीलंडिया. हा आधीचा आणि मोठा. 1624 मध्ये सुरू झालेलं बांधकाम 1634 पर्यंत चाललं. बांधणारी तीच डच ईस्ट इंडिया कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती. वरचा पांढरा मनोरा आणि त्याची लाल टोपी बघून 'काय डच वास्तुकला!' म्हणणाऱ्यांना मी हल्ली दुरुस्त करत नाही, पण तो मनोरा विसाव्या शतकातला आहे. चौथऱ्यावरची इमारत जपानी राजवटीतली. खरी डच भिंत बाहेरच्या बाजूला आहे, वडाच्या मुळांनी कवटाळलेली. तिच्या विटा शिंपल्यांचा चुना, साखरेचा पाक आणि चिकट तांदळाची पेज अशा मिश्रणात बसवलेल्या आहेत. गूळ-चुन्याची बांधकामं ऐकून वाढलेल्या माणसाला तिथून लवकर हलवत नाही.

इथवर गोंधळ किरकोळ आहे. खरी चूक पुढे होते. लोक विचारतात, 'चार-पाच किलोमीटरवर दोन किल्ले, दोन्ही डचांचे, मग एक बघितला की झालं ना?' नाही झालं. कारण ते चार-पाच किलोमीटर तेव्हा जमीन नव्हतेच. तिथे पाणी होतं.

झीलंडिया उभा होता एका वाळूच्या दांड्यावर. त्या दांड्याचं नाव तायोवान. 'तैवान' हे नाव त्यावरूनच आलं. दांड्याच्या आत ताइच्यांग नावाची विस्तीर्ण, उथळ खाडी होती आणि तिच्या पलीकडच्या, मुख्य बेटाच्या काठावर प्रोव्हिन्शिया. आपल्या भाषेत सांगायचं तर एक जवळजवळ जलदुर्ग, दुसरा काठावरचा भुईकोट. पहिल्याचं काम जहाजांवर आणि व्यापारावर नजर ठेवायचं, दुसऱ्याचं आतल्या शेतीवर आणि माणसांवर. एकाच्या तोफा समुद्राकडे, दुसऱ्याचा धाक प्रजेला.

हे डोक्यात बसलं की 1661 ची लढाई आपोआप कळते. चंग छंगकुंग हा चिनी सेनानी, ज्याला युरोपीय लोक कोशिंगा म्हणत, एप्रिलच्या शेवटी आरमार घेऊन आला. झीलंडियाच्या तोफांखालून जाणारा मुख्य मार्ग त्याने टाळला. उत्तरेकडच्या लूअरमन नावाच्या उथळ वाटेने, भरती साधून, तो सरळ खाडीत शिरला. दोन किल्ल्यांमधलं पाणीच त्याच्या ताब्यात गेलं. प्रोव्हिन्शिया काही दिवसांतच शरण आला. झीलंडियाने मात्र नऊ महिने वेढा सोसला. जवळच्या टेकाडावरची उट्रेख्ट नावाची गढी पडल्यावर, 1 फेब्रुवारी 1662 ला, गव्हर्नर कोयेटने तह केला. एक किल्ला दिवसांत आणि दुसरा महिन्यांत का पडला, हे दोन्ही जागा पाहिल्याशिवाय उमगत नाही.

मग पाणी गेलं कुठे? गाळात. 1823 च्या मोठ्या वादळात नदीने इतका गाळ आणला की खाडी भरू लागली आणि पुढे तिथे शेतं, मत्स्यतळी, रस्ते झाले. छिकानहून पश्चिमेला चालत निघालात की थोड्याच वेळात तुम्ही जुन्या समुद्रतळावर असता. शनोंग स्ट्रीटवर कॉफी पिताना हे कुणी सांगत नाही. तो सगळा भाग गाळ साचल्यावर खोदलेल्या पाच कालव्यांचा, बंदराशी संबंध टिकवण्यासाठी व्यापाऱ्यांनी केलेल्या धडपडीचा.

म्हणून माझा हट्ट असा: आनपिंग आधी, छिकान नंतर, आणि दोन्ही एकाच दिवशी. आनपिंगचा किल्ला साडेपाचला बंद होतो, छिकान रात्री उशिरापर्यंत उघडा असतो आणि दिव्यांत अधिक शोभतो. मध्ये टॅक्सी करू नका. बस घ्या, किंवा निदान कालव्यांच्या भागात उतरून शेवटचा टप्पा चाला. आनपिंगला वेळ उरला तर किल्ल्यालगतच्या जुन्या गोदामात शिरा; छप्पर-भिंती सगळं वडाने गिळलंय.

नकाशावरची ती तिसरी खूण म्हणजे 'शाश्वत सुवर्णदुर्ग'. तोही आनपिंगमध्येच, पण डचांचा नाही. 1874 ला जपानच्या स्वारीनंतर चीनच्या चिंग दरबाराने फ्रेंच अभियंत्यांकडून आखून घेतलेला तोफखाना आहे तो. गंमत म्हणजे त्याच्यासाठी झीलंडियाच्या पडक्या भिंतींच्या विटा नेल्या.

स्टेशनाचाही असाच घोळ होतो. हायस्पीड रेल्वेचं 'ताइनान' गावाबाहेर क्वेइरनला आहे. शेजारच्या शालुन स्टेशनवरून लोकल धरा, वीस-पंचवीस मिनिटांत गावात. आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे उठा, बीफ चालत असेल तर गरम बीफ सूप, नाहीतर मिल्कफिशची खिमट. उशिरा गेलात तर सूप संपलेलं असतं.