विश्वासघात आणि सूड (ग्रीक शोकात्मिकेतील)

प्राचीन ग्रीक शोकात्मिकेचे एक मध्यवर्ती सूत्र. इ. स. पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये डायोनायसस देवाच्या वसंतोत्सवात ही नाटके स्पर्धेसाठी होत. एस्किलस, सॉफक्लीझ आणि युरिपिडीझ यांची जी नाटके आज हाती आहेत, त्यांतली बरीचशी घात आणि प्रतिघात यांभोवती फिरतात.

या नाटकांत दगा बहुधा परका देत नाही. देतो तो नवरा, बायको, आई, भाऊ किंवा घरचे मीठ खाल्लेला पाहुणा. शत्रूने शत्रूला मारले तर करुणा वाटत नाही, भावाने भावाला किंवा मुलाने आईला मारले तर वाटते, आणि कवीने अशीच कथानके शोधावीत, असे ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त म्हटले आहे. सूड घेणे ग्रीकांच्या लेखी लाजिरवाणे नव्हते. अथेन्सच्या कायद्यातही खुनाचा खटला मृताच्या नातलगांनीच भरायचा असे. पण खुनीही घरातलाच निघाला तर नातलगाने कोणाची बाजू घ्यायची?

हा पेच सर्वांत विस्ताराने आला आहे तो एस्किलसच्या ‘ओरेस्टिया’त (इ. स. पू. ४५८). संपूर्ण टिकलेली ही एकमेव ग्रीक नाट्यत्रयी. वैराचे मूळ मागच्या पिढीत आहे. थायेस्टीझने भावाच्या, ॲट्रिअसच्या, बायकोला नादी लावले. ॲट्रिअसने समेटाच्या मेजवानीत त्याला त्याच्याच मुलांचे मांस वाढले. ॲट्रिअसचा मुलगा ॲगमेम्नॉन याने ट्रॉयला जाणारे आरमार वाऱ्यामुळे अडले म्हणून पोटची मुलगी इफिजिनाया बळी दिली. तो दहा वर्षांनी जिंकून परततो तेव्हा त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा आणि थायेस्टीझचा वाचलेला मुलगा एजिस्थस दोघेही हिशेब घेऊन बसलेले असतात.

स्वागताचा प्रसंग तर मुद्दाम थांबून वाचावा असा आहे. क्लायटेम्नेस्ट्रा रथापासून दारापर्यंत जांभळट लाल रंगाची मोलाची वस्त्रे अंथरते. असा मान देवांचा, म्हणून ॲगमेम्नॉन कचरतो. ती गोड बोलून त्याला वळवते. निदान वहाणा तरी काढू द्या, म्हणून तो दासाकडून त्या काढून घेतो आणि अनवाणी आत जातो. प्रेक्षकांना पुढे ऐकू येते ती त्याची किंकाळी. न्हाणीघरात त्याच्यावर जाळ्यासारखे वस्त्र टाकून तिने त्याला ठार केलेले असते. हत्या सहसा रंगमंचावर दाखवत नसत. प्रेते मागाहून दिसत, त्यासाठी चाकांवरचा चौथरा पुढे ढकलण्याची सोय होती.

दुसऱ्या नाटकात मुलगा ओरेस्टीझ अपोलो देवाच्या आज्ञेने बापाचा सूड घ्यायला परततो. आई छाती उघडी करून, याच दुधावर तू वाढलास, अशी आठवण देते आणि त्याचा हात थबकतो. तोवर मुका राहिलेला मित्र पिलाडीझ तीनच ओळी बोलतो, अपोलोच्या वचनाचे काय, असे विचारतो आणि पुन्हा गप्प होतो. आई मरते, मग तिच्या रक्ताचा सूड मागत एरिनिस या देवता मागे लागतात. तिसऱ्या नाटकात प्रकरण अथेन्सच्या ॲरिओपॅगस न्यायसभेत जाते. मते समसमान पडतात आणि अथीना देवीच्या कौलामुळे ओरेस्टीझ सुटतो. नाटकाच्या तीनचार वर्षे आधीच या सभेचे बहुतेक राजकीय अधिकार काढून खुनाचे खटले तेवढे तिच्याकडे ठेवले होते. प्रेक्षकांना हा संदर्भ ताजा होता. शेवटी एरिनिसना शहरात मानाचे स्थान मिळते आणि नाटक मिरवणुकीत संपते. अशा नाटकाला ‘शोकांतिका’ म्हणणे अवघडच. ‘शोकात्मिका’ हा शब्द अधिक बरा.

याच कथेवर इतर दोघांचीही ‘इलेक्ट्रा’ नाटके आहेत. इलेक्ट्रा ही ओरेस्टीझची बहीण. सॉफक्लीझची इलेक्ट्रा आत आई मरत असताना बाहेरून, अजून एक घाव घाल, असे ओरडते. युरिपिडीझची इलेक्ट्रा आईला निरोप धाडते की मी बाळंत झाले आहे. नातवाचे विधी करायला आलेली आई खोपटात शिरते आणि मारली जाते. तोवर क्रूर वाटलेली क्लायटेम्नेस्ट्रा इथे नुसती आजी होऊन येते, आणि सूड घेणारी मुलगी दगाबाज ठरते.

युरिपिडीझला हे उलटे वळण विशेष साधते. ‘हेक्युबा’त थ्रेसचा राजा पॉलिमेस्टॉर सोन्यापायी, सांभाळायला दिलेल्या ट्रॉयच्या राजपुत्राला, पॉलिडोरसला, मारतो. पोराची आई हेक्युबा आणखी सोन्याचे आमिष दाखवून त्याला तंबूत बोलावते. तिथे ट्रॉयच्या बायका त्याची मुले मारतात आणि त्याचे डोळे फोडतात. ‘मीडीआ’ (इ. स. पू. ४३१) मध्ये शपथा मोडून दुसरे लग्न करणाऱ्या नवऱ्याला, जेसनला, धडा शिकवायला मीडीआ विषारी वस्त्राने नव्या वधूला आणि मग स्वतःच्या दोन्ही मुलांना मारते. स्पर्धेत त्या वर्षी युरिपिडीझ तिसरा, म्हणजे शेवटचा, आला. इथे ना न्यायसभा, ना कौल. सूर्याने दिलेल्या रथातून मीडीआ मुलांची प्रेते घेऊन निघते, आणि पुढे जायची असते ती अथेन्सलाच. तिथल्या राजाने, ईजिअसने, आसरा देण्याची शपथ तिला आधीच दिलेली असते.