ड्रायसूटच्या गळ्याचं सील पावसाळ्याआधी का बदलावं

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं, की आमच्याकडे दुरुस्तीला ड्रायसूट, म्हणजे पाण्यात उतरताना अंग कोरडं ठेवणारे पूर्ण अंगाचे सूट, यायला लागतात. कपाटातून काढला, गळा चिकट लागला, डोकं घालताना टर्रकन फाटला. उद्या द्याल का? उद्या होत नाही. का होत नाही ते खाली सविस्तर सांगितलं आहे. पण आमची खरी विनंती एवढीच, की सूट एप्रिल-मे मध्ये एकदा तपासा.

आपल्याकडे ड्रायसूट थंडीसाठी कमी आणि घाण पाण्यासाठी जास्त लागतो. पुराच्या पाण्यात गटार, डिझेल, मेलेली जनावरं, सगळं मिसळलेलं असतं आणि लेप्टोचा (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचा) धोकाही असतो. हे पाणी अंगाला लागू न देण्याचं काम दोन मनगटांची सीलं आणि गळ्याचं सील, म्हणजे कातडीला घट्ट बसणारे रबरी पट्टे, करतात. त्यात गळ्याचं सील सगळ्यात जास्त ताणलं जातं, कारण त्यातून अख्खं डोकं जातं.

तपासणी सोपी आहे. सील दोन्ही हातांनी हळूच ताणून उजेडासमोर धरा. आटलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा बारीक भेगा दिसल्या, बोटाचा ठसा उमटून राहिला किंवा काठाला छोटीशी जरी खाच असली, तरी सील बदला. खाच काठावरच थांबत नाही, पुढच्या ताणाला ती आत धावते. सायकलच्या ट्यूबसारखं पंक्चर काढून चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही चालत. ठिगळाची जागा ताणत नाही, तिच्या शेजारची ताणते, आणि नवी चीर तिथूनच सुरू होते.

सील बहुधा लॅटेक्सचं, म्हणजे पातळ नैसर्गिक रबराचं असतं. लॅटेक्स खराब होतं ते ऊन, तेल आणि ओझोनमुळे. वेल्डिंगच्या ठिणगीतून आणि चालू मोटरच्या ब्रशपाशी ओझोन तयार होतो, आणि ताणलेल्या किंवा घडी पडलेल्या रबराला तो आधी चिरतो. म्हणून पंपाच्या शेडमध्ये, मोटरशेजारी खुंटीला सूट टांगू नका.

आमच्याकडे काम कसं होतं? जुनं सील हीट गनने ऊब देत सोलून काढतो. घाई केली तर सुटाचं कापडच उचकटतं. सुटाचा गळा गोल डब्यावर चढवतो, सुटाची आणि नव्या सीलची अशा दोन्ही कडा पॉलिश पेपरने खरवडतो, अल्कोहोलने पुसतो, सोल्यूशनचे पातळ थर देतो आणि प्रत्येक थर सुकू देतो. ओल्या हवेत नेमकी इथेच अडचण येते. सॉल्व्हंट उडताना थर गार पडतो, त्यावर दव धरतं आणि जोड वरवरचा राहतो. 2021 च्या जुलैमध्ये घाईघाईने केलेला एक गळा परत आला होता. जोडाची कड नखाने सुटत होती. तो आम्ही पुन्हा, मोफत करून दिला आणि तेव्हापासून भर पावसात उद्याचा शब्द देत नाही. कोरड्या हवेतही आम्ही चार दिवस मागतो. जोडणी झाल्यावर मनगटं आणि गळा बंद करून सुटात हवा भरतो आणि साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे माप. नवं सील निमुळतं आणि घट्ट येतं, ते कापून गळ्याला बसवावं लागतं. फार घट्ट राहिलं तर मानेतल्या धमनीवर दाब येतो, नाडी मंदावते, भोवळ येते. पाण्यात हे जिवावर बेतू शकतं. सैल झालं तर पाणी शिरतं. म्हणून धारदार कात्रीने एकेक कडं, एका दमात, कुठेही खाच न ठेवता कापतो आणि दर वेळी घालून पाहतो. निओप्रीनचं (जाड, फोमसारख्या रबराचं) सील मात्र कापण्याआधी डब्यावर रात्रभर ताणून ठेवतो, बहुतेकदा तेवढंच पुरतं. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, सिलिकॉनचं सील बसवता येईल का ते सूट पाहून सांगतो.

घरी ठेवताना गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, सीलला बिनवासाची टाल्कम लावा. सुगंधी पावडरीतलं तेल रबर खातं. सिलिकॉन स्प्रे मारू नका, त्यावर पुढे सोल्यूशन धरत नाही. घालताना गळ्यातली चेन काढा, नखं कापलेली असू द्या, लांब केस सीलखाली अडकू देऊ नका.

सूट धुऊन, वाळवून आणा. आणि ज्याचा सूट त्यानेच मापाला यावं. भावाच्या मानेवर कापलेलं सील तुमच्या मानेला बसेलच असं नाही.