सातबारावर मालकाचा पत्ता नसतो, मग काढायचा कुठून?

जागामालकांना पत्रं पाठवायची म्हणून बरेच एजंट सरळ माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात, या वॉर्डातल्या सगळ्या मालकांची नावं-पत्ते द्या, आणि मग कलम ८(१)(ञ) दाखवून तो फेटाळला जातो, वैयक्तिक माहिती म्हणून. तो रस्ता सोडा. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे पुस्तक क्रमांक १ (जमीन-घरांच्या दस्तांची नोंदवही) आणि त्याची सूची फी भरून कोणालाही बघता येते, मालकाशी तुमचं नातं असायची गरज नाही. पत्ता असतो तो या सूचीत, म्हणजे आपल्या इंडेक्स टू मध्ये.

सातबारा महाभूलेख या सरकारी साइटवर फुकट दिसतो. नावालाच कंस किंवा आडवी रेघ असेल तर ते नाव कमी झालंय, त्याला पत्र नको. नावाशेजारचा आकडा फेरफाराचा, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचा असतो, तो फेरफार काढा, नाव खरेदीने लागलं असेल तर त्यात दस्त क्रमांक आणि तारीख मिळते.

मग नोंदणी विभागाचं ई-सर्च, म्हणजे ऑनलाइन दस्त शोधायची सोय, आणि लोक अडकतात ते इथेच. दस्त क्रमांक दरवर्षी नव्याने सुरू होतो आणि प्रत्येक कार्यालयाचा वेगळा असतो, त्यामुळे पुण्याकडे नुसतं 'हवेली' माहीत असून उपयोग नाही, त्या नावाची बरीच नोंदणी कार्यालयं आहेत, हवेली कितवं ते लागतं, नाहीतर भलत्याच माणसाचा दस्त उघडतो नाहीतर काहीच सापडत नाही आणि माणूस बिचारा नावाचं स्पेलिंग बदलत बसतो. फेरफार लिहिताना कार्यालयाचा नंबर नीट टाकायला काय जातं, खरंच कळत नाही!

वारसाने नाव लागलं असेल तर खरेदीचा दस्तच नाही, म्हणजे इंडेक्स टू पण नाही, मग गावात विचारणं आलं. फ्लॅटचं म्हणाल तर मालमत्ता पत्रकावर सोसायटी, बिल्डर किंवा जुना जमीनमालक दिसतो, फ्लॅटवाला नाही, तिथेही इंडेक्स टूच शोधा.

आणि कृपा करून पत्ता दस्त करून घेणाऱ्याचा (खरेदीदाराचा) उचला, करून देणाऱ्याचा (विकणाऱ्याचा) नाही, घाईत ही चूक फार होते. शिवाय तो पत्ता खरेदीच्या दिवसाचा असतो, तेव्हाचं भाड्याचं घर केव्हाच सुटलेलं असू शकतं, म्हणून यादी करताना अलीकडचे दस्त आधी घ्या आणि मधल्या काळात जागा पुन्हा विकली गेली नाही ना तेही बघा. पत्र परत आलं तर एकदा जागेच्याच पत्त्यावर पाठवून बघा. मालकाने नको म्हटलं की मात्र त्याचं नाव यादीतून लगेच काढायचं, परत पत्र पाठवायचं नाही.