रीजंट्स कॅनॉल : कोळशाची वाट ओस पडली तेव्हा

लंडनच्या रीजंट्स कॅनॉलची हल्लीची छायाचित्रं पाहिली की वाटतं, शहराने मुद्दाम राखलेली ही हिरवी पट्टी असावी. पाण्यात वारकरी पक्षी पोहतायत, काठावर राखी बगळा ध्यान लावून बसलाय, मागे विटांच्या जुन्या वखारी आणि लोखंडी पूल. प्रत्यक्षात यातलं मुद्दाम केलेलं फार थोडं आहे. इथल्या जिवांना घर मिळालं ते आधी धंद्यामुळे, आणि नंतर तो धंदा बुडाल्यामुळे.

कालव्याचा कायदा १८१२ साली संसदेत मंजूर झाला. पश्चिमेला पॅडिंग्टनशी येऊन थांबणाऱ्या ग्रँड जंक्शन कॅनॉलचा माल शहराच्या उत्तरेकडून वळवून पूर्वेच्या लाइमहाउस या बंदराला थेम्सपर्यंत न्यायचा, हा हेतू. लांबी साधारण १४ किलोमीटर, उतार पार करायला १२ लॉक, म्हणजे बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दारांचे हौद. वास्तुरचनाकार जॉन नॅश या कंपनीचा संचालक होता आणि त्याचा सहकारी जेम्स मॉर्गन अभियंता. कालवा काढण्याची कल्पना ज्याने मांडली तो थॉमस होमर कंपनीचेच पैसे खाताना १८१५ मध्ये पकडला गेला. पैशाची चणचण तेव्हापासून या कालव्याच्या पाचवीलाच पुजलेली. तरीही १८१६ मध्ये कॅम्डनपर्यंतचा आणि १ ऑगस्ट १८२० रोजी संपूर्ण कालवा खुला झाला.

नॅशला कालवा रीजंट्स पार्कच्या मधून न्यायचा होता. पण श्रीमंतांच्या बंगल्यांसमोरून कोळशाच्या बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, आणि त्यांवरच्या खलाशांच्या शिव्या जाणार, हे पुष्कळांना रुचेना. मग कालवा पार्कच्या उत्तर कडेने, खोल चर खणून नेला. त्या चराच्या उतारांवर पुढे दाट झाडी माजली. आज शहराच्या ऐन मध्यात ती सावली टिकून आहे ती अशी बड्यांच्या नाजूक कानांमुळे.

खरी अडचण पाण्याची होती. लॉक उघडला की वरच्या पातळीचं पाणी खाली जातं. वाहतूक वाढेल तसं जास्त. तुटवडा भरून काढायला १८३५ च्या सुमारास ब्रेंट नदीवर बांध घालून जलाशय तयार केला गेला. लोक त्याला ‘वेल्श हार्प’ म्हणतात. कालव्याची तहान भागवणारं हे तळं पाणपक्ष्यांचं मोठं ठिकाण झालं, शेंडीवाल्या मोठ्या टिबुकलीचं विशेषतः. एकोणिसाव्या शतकात पिसांच्या फॅशनपायी ब्रिटनमध्ये ही टिबुकली नामशेष व्हायच्या बेतात होती. कालव्याचा निसर्ग पाहायचा तर काठापासून काही मैल दूर असलेला हा जलाशयही त्यात धरायला हवा. तो सहसा कोणी धरत नाही.

काठावरच्या इमारतींचा सर्वांत घट्ट गुंता किंग्ज क्रॉसला आहे. १८२० च्या दशकात इथे गॅसचा कारखाना आला, कारण त्याला लागणारा कोळसा पाण्यावरून आणणं स्वस्त होतं. १८५२ मध्ये रेल्वेने लुइस क्युबिटच्या आराखड्यानुसार धान्याचं प्रचंड कोठार बांधलं. कालव्यातून फाटे काढून बार्ज थेट इमारतीच्या पोटात नेण्याची सोय त्यात होती. जवळच कार्लो गाती या स्विस व्यापाऱ्याने बर्फाच्या विहिरी बांधल्या. नॉर्वेतल्या तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजाने लाइमहाउसला आणि तिथून बार्जवरून इथे येई, मग आइस्क्रीमवाल्यांकडे आणि मासेविक्रेत्यांकडे जाई. त्या जागी आता कालव्याचं संग्रहालय आहे.

काठावरच्या खुणा वाचता येतात. बार्ज ओढणारे घोडे ज्या वाटेने चालत तो टो-पाथ. ओल्या दोराने पुलांच्या कोपऱ्यांवरच्या लोखंडात बोटभर खोल खाचा पाडल्या आहेत. आगगाडीच्या आवाजाने बुजून घोडे पाण्यात पडत, म्हणून त्यांना वर काढायला काठाला उतार ठेवलेले दिसतात. इस्लिंग्टनचा ८७८ मीटरचा बोगदा टो-पाथशिवायच बांधला होता. तिथे घोडा टेकडीवरून चालत पलीकडे जायचा आणि माणसं बोटीवर आडवी पडून भिंतीला पाय लावत बोट पुढे ढकलायची.

रीजंट्स पार्कजवळच्या मॅकल्सफील्ड पुलाची गोष्ट तर वेगळीच. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे ‘टिलबरी’ नावाची बार्ज पुलाखाली असताना तिच्यातल्या पेट्रोलियमने आणि बंदुकीच्या दारूने पेट घेतला. बार्जवरचे तिघे ठार झाले, पूल उडाला. ओतीव लोखंडाचे खांब मात्र शाबूत राहिले आणि नव्या पुलाला तेच वापरले, फक्त फिरवून बसवले. म्हणून तिथे दोराच्या खाचा खांबांच्या दोन्ही बाजूंना आहेत : एका बाजूच्या स्फोटाआधीच्या, दुसऱ्या बाजूच्या नंतरच्या.

या काळात पाण्यात फारसं काही जगत असेल असं समजू नये. कोळशाची भुकटी, गॅस कारखान्याचं डांबर, घोड्यांची लीद, सगळं तिथेच जायचं. धंद्याची उतरण रेल्वेने सुरू केली आणि मोटारट्रकने पुरी केली. १९२९ मध्ये कालवा ग्रँड युनियन या मोठ्या कालवा कंपनीत विलीन झाला, १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, १९५६ मध्ये घोड्याने ओढलेली शेवटची व्यापारी बार्ज गेली. १९६३ च्या हिवाळ्यात कालवा गोठला आणि उरलीसुरली मालवाहतूकही आटली.

पुढची वीसेक वर्षं कुणाला इकडे बघायची गरज वाटली नाही, आणि माझ्या मते निसर्गाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची. जुन्या भिंतींतला चुना झिजून सांधे मोकळे झाले. चुन्यावर वाढणारे नेचे लॉकच्या ओल्या भिंतींत रुजले. वखारींच्या फटींत वटवाघळं राहायला आली. युद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या ढिगाऱ्यांत काळा थिरथिरा घरटी करू लागला होता. हिवाळ्यात आपल्याकडेही येतो तोच हा पक्षी. ढिगारे उपसले गेल्यावर त्याने गॅस कारखाने आणि रेल्वेची ओसाड आवारं धरली. त्याला मूळचे डोंगरातले खडक हवेत. पडक्या विटा त्याच्या लेखी खडकच.

किंग्ज क्रॉसजवळ कॅम्ली स्ट्रीटला रेल्वेचं कोळसा उतरवायचं जुनं आवार होतं. ते रान माजून गेलं. तिथे वाहनतळ व्हायचा होता, पण लोकांनी विरोध केला आणि १९८५ मध्ये तिथे निसर्गउद्यान उघडलं. टो-पाथही १९७० च्या दशकात तुकड्यातुकड्याने सर्वांसाठी खुला होत गेला. १९७९ मध्ये सेंट जॉन्स वुडपासून सिटी रोडपर्यंत टो-पाथखाली ४०० किलोव्होल्टच्या वीजवाहिन्या घातल्या गेल्या. त्यांना थंड ठेवायला कालव्याचंच पाणी फिरवतात. म्हणजे मालवाहतूक गेल्यावरही कालव्याला एक काम मिळालं, फक्त ते दिसत नाही.

त्यानंतर पैसा परत आला. धान्याच्या कोठारात २०११ मध्ये कला महाविद्यालय आलं. गॅसहोल्डरचे, म्हणजे गॅस साठवायच्या अवाढव्य टाक्यांचे, लोखंडी सांगाडे उतरवून, दुरुस्त करून पुन्हा उभे केले. एकाच्या आत बाग आहे, तिघांच्या आत महागडे फ्लॅट. इमारती वाचल्या याचा आनंद आहेच. पण वाचवणं म्हणजे सांधे भरणं, फटी बुजवणं, दिवे लावणं. भिंत दुरुस्त झाली की नेचा जातो. डॉबेंटन जातीचं वटवाघूळ पाण्याला जवळजवळ चिकटून उडत किडे टिपतं आणि उजेड टाळतं. टो-पाथवरचा दिवा माणसाला सुरक्षित वाटतो, पण वटवाघळाला तो वाट अडवणारा. दोघांची सोय एकदम होत नाही. उजेड खाली आणि आखूड ठेवणं, पाण्यावर पडू न देणं, एवढीच तडजोड शक्य आहे.

थिरथिऱ्यासाठी काढलेला तोडगा जरा गमतीचा आहे. जुनं बांधकाम पाडलं की निघालेल्या विटा आणि काँक्रीट फोडून नव्या इमारतींच्या गच्च्यांवर पसरायचं, त्यावर माती नाममात्र, झाडं आपोआप येतील ती. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून लंडनमध्ये अशा गच्च्या होऊ लागल्या. खाली कोट्यवधींच्या काचेच्या कचेऱ्या आणि वर आराखड्यात मोजून-मापून आखलेला पडीक ढिगारा, हे दृश्य तेव्हापासून शहरात रुळलं आहे.