कार्यालयीन नेटवर्कसाठी यूपीएस

मुख्य वीजपुरवठा गेल्यावर किंवा बिघडल्यावर राउटर, स्विच (केबलने आलेली उपकरणे एकमेकांना जोडणारा), फायरवॉल (इंटरनेटवरून होणारी नको ती ये-जा अडवणारे उपकरण), वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट ही कार्यालयातील नेटवर्क उपकरणे बॅटरीवर चालू ठेवणारी यंत्रणा. संगणकाला जोडलेल्या यूपीएसचे काम मर्यादित असते : हातातले काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्याएवढी मिनिटे मिळाली की पुरते. नेटवर्क उपकरणात जतन करण्यासारखे फारसे काही नसते, ते चालू राहणे हाच त्याचा उपयोग. क्षणभर वीज गेली तरी फायरवॉल पुन्हा सुरू होऊन जोडणी पूर्ववत व्हायला कित्येक मिनिटे लागू शकतात आणि तेवढा वेळ संपूर्ण कार्यालय खोळंबते. म्हणून येथे यूपीएस किती मोठा भार पेलतो यापेक्षा तो किती वेळ टिकतो हे महत्त्वाचे.

सर्वाधिक गफलत होते ती साखळी अर्धवट जोडल्याने. बाहेरून येणारी फायबर केबल, तिच्या टोकाचे ओएनटी (फायबरमधल्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारे छोटे उपकरण), पुढे फायरवॉल, मुख्य स्विच, मजल्यावरचा स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट यांपैकी एक कडी जरी साध्या सॉकेटवर राहिली, तरी बाकीच्या बॅटरीचा उपयोग शून्य. प्रवेशद्वाराजवळ भिंतीवर बसवलेले ओएनटी हमखास विसरले जाते. पॅसिव्ह ऑप्टिकल जाळ्यात सेवादात्याच्या केंद्रापासून ओएनटीपर्यंत मध्ये विजेवर चालणारे उपकरण नसते. त्यामुळे इमारतीची किंवा सगळ्या परिसराची वीज गेली, तरी केंद्राला वीज आहे आणि ओएनटी व राउटर चालू आहेत तोवर इंटरनेट टिकू शकते. ओएनटी आणि राउटर १२ व्होल्ट डीसीवर चालणारे असतील, तर त्या व्होल्टेजचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. त्यात डीसीचे एसी आणि पुन्हा डीसी करण्यातला अपव्ययही वाचतो.

छतावरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटना, आयपी फोनना आणि कॅमेऱ्यांना नेटवर्क केबलमधूनच वीज देणारे पीओई तंत्र येथे फार उपयोगी पडते. प्रत्येकाला वेगळी बॅटरी देण्याऐवजी एका स्विचला यूपीएस जोडला की सगळे चालू राहतात. मात्र तो भारही त्याच बॅटरीवर येतो. पीओईच्या २००३च्या ८०२.३एएफ मानकानुसार स्विच एका पोर्टवर १५.४ वॉटपर्यंत, २००९च्या ८०२.३एटीनुसार ३० वॉटपर्यंत आणि २०१८च्या ८०२.३बीटीनुसार ९० वॉटपर्यंत वीज देऊ शकतो.

रचनेनुसार यूपीएसचे तीन प्रकार आहेत. ऑफलाइन यूपीएस वीज गेल्यावर बॅटरीकडे वळतो. त्याला लागणारे काही मिलिसेकंद बहुतेक उपकरणांचे पॉवर सप्लाय सहज निभावून नेतात. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस कमी-जास्त होणारे व्होल्टेज बॅटरी न वापरता सावरतो. व्होल्टेज सतत हेलकावत असेल तेथे यामुळे बॅटरीची झीज बरीच वाचते, आणि लहान-मध्यम कार्यालयाच्या नेटवर्कसाठी बहुधा हाच प्रकार योग्य ठरतो. ऑनलाइन यूपीएस सगळी वीज कायम रूपांतरित करूनच पुरवतो. बदलाला वेळ अजिबात लागत नाही, पण उष्णता, पंख्याचा आवाज आणि किंमत वाढते. विजेची वारंवारता (फ्रिक्वेन्सी) अस्थिर असलेले जनरेटर वापरात असेल, तर मात्र तोच घ्यावा. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसला वारंवारता सावरता येत नाही, तो जनरेटर चालू असतानाही पुन्हापुन्हा बॅटरीवर जातो.

यूपीएसवर ठळक छापलेला आकडा व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) असतो. प्रत्यक्ष क्षमता वॉटमध्ये पाहावी; व्हीएला पॉवर फॅक्टरने गुणले की वॉट मिळतात. १००० व्हीएचा आणि ०.६ पॉवर फॅक्टरचा यूपीएस ६०० वॉटच पेलतो. टिकण्याचा काळ मात्र बॅटरीवर ठरतो. समजा, ओएनटी १० वॉट, फायरवॉल २० वॉट, स्विच ३० वॉट आणि प्रत्येकी १२ वॉटचे दहा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे एकूण १८० वॉट भार आहे. १२ व्होल्ट, ९ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत कागदोपत्री २१६ वॉट-तास असतात, म्हणजे तासाभराहून अधिक. प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आसपासच हाती लागतो, कारण लेड-अ‍ॅसिड बॅटरीची छापील क्षमता सहसा २० तासांच्या संथ वापरासाठी असते. वेगाने वीज ओढली की ती घटते, शिवाय रूपांतरातही काही वीज जाते. याची उलट बाजू लाभाची आहे. भार निम्मा केला तर काळ दुपटीहून जास्त वाढतो. त्यामुळे ज्यांच्यावाचून चालेल ती उपकरणे या यूपीएसवर ठेवूच नयेत. लेझर प्रिंटर तर कधीच नाही. त्याचा हीटर क्षणात मोठा प्रवाह ओढतो.

सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षे चालते. तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर दर ८ ते १० अंशांनी वाढले, की तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. हवा न खेळणारे बंद रॅकचे कपाट म्हणूनच बॅटरीला मारक. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग असली, तरी चार्जिंगची आवर्तने कितीतरी जास्त सोसते. फुगलेली बॅटरी लगेच काढावी. संचातली एकच नवी बसवू नये, सगळ्या एकदम बदलाव्यात.

यूपीएसवरचे चाचणीचे बटण बॅटरी जिवंत आहे का एवढेच सांगते. खरी परीक्षा भारासह, कामकाजाच्या वेळेबाहेर घ्यावी. प्लग उपटल्यास अर्थिंग तुटते, म्हणून त्या सर्किटचा एमसीबी (वीजफलकावरचा सुरक्षा-स्विच) बंद करावा. मग लॅपटॉपवरून शेवटच्या मजल्यावरही इंटरनेट मिळते का हे पाहावे, आणि किती मिनिटे टिकले ते तारखेसह यूपीएसवरच चिकटवून ठेवावे.