सॅलड बर्नेट

गुलाब कुलातील ही लहान बहुवर्षायू ओषधी मूळची यूरोप, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील असून चुनखडीच्या कोरड्या कुरणांत विशेष आढळते. शास्त्रीय नाव सँग्विसॉर्बा मायनर. पाने पिसासारखी विभागलेली, दले गोलसर व दातेरी. कोवळे पान चुरडले की काकडीचा वास येतो.

नामकरणाविषयी मतभेद आहेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये चार केसरदलांच्या (पुंकेसरांच्या) मोठ्या बर्नेटला, म्हणजे हिच्या जवळच्या जातीला, सँग्विसॉर्बा प्रजातीत (जीनसमध्ये) ठेवले. सॅलड बर्नेटची फुले मात्र अंशतः एकलिंगी व केसरदले पुष्कळ, त्यामुळे केसरसंख्येवर आधारलेल्या त्यांच्या पद्धतीत ही दूरच्या वर्गात जाऊन पोटेरियम सँग्विसॉर्बा ठरली. वनस्पतिशास्त्रज्ञ स्कोपोली यांनी १७७१–७२ च्या सुमारास दोघींना एका प्रजातीत आणले. अलीकडच्या काही ब्रिटिश वनस्पतिसूचींत पोटेरियम परत आले असले, तरी बियाण्याच्या पाकिटांवर बहुधा स्कोपोलींचेच नाव असते व लागवडीच्या संदर्भात तेच सोयीचे होय. सँग्विसॉर्बा म्हणजे रक्त शोषणारी. हे नाव रक्तस्राव थांबविण्याच्या जुन्या उपयोगावरून पडले. पोटेरियमचे मूळ पेला या अर्थाच्या ग्रीक शब्दात असून त्याचा संबंध पेयांत पाने घालण्याच्या प्रथेशी जोडतात. इटालियन ‘पिंपिनेल्ला’ हे नाव अधिक घोटाळ्याचे, कारण शास्त्रीय परिभाषेत ते बडीशेपेच्या कुलातील एका प्रजातीचे आहे; म्हणून जुन्या ग्रंथांतील उल्लेख जपून वाचावे लागतात.

पेरणीचे ‘बी’ हे वस्तुतः बी नव्हे. फुलाच्या बुडाचा पेलाच कठीण होऊन त्याचा चार कडांचा, जाळीदार, तपकिरी दाणा बनतो व आत बहुधा दोन फळे बंदिस्त असतात. त्यामुळे एका दाण्यातून कधी दोन रोपे वर येतात. त्यांपैकी दुबळे काढून टाकतात. वसंतात, निचऱ्याच्या जमिनीत, उन्हाच्या जागी सु. १ सेंमी. खोल पेरतात. १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात दोन-तीन आठवड्यांत उगवण होते. त्यासाठी दाणे आधी थंडीत ठेवावे लागत नाहीत. सोटमूळ खोल जाते, म्हणून रोपे लहानपणीच २५–३० सेंमी. अंतरावर कायमच्या जागी लावतात. फुले बिनपाकळ्यांची व वायुपरागित. गोंड्यातील वरच्या फुलांचे तांबडे, झुबकेदार किंजल्क (स्त्रीकेसरांची टोके) तेवढे नजरेत भरतात. पानांसाठी लागवड असल्यास फुलांचे दांडे वेळीच कापतात. एरवी पाने राठ व कडवट होतात आणि दाणे झडून सभोवार रोपे उगवतात.

फ्रँकफुर्टच्या हिरव्या सॉसमधील सात पाल्यांपैकी हा एक. त्या सॉसला २०१६ मध्ये यूरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले.