खगोलशास्त्र की अवकाश तंत्रज्ञान? बारावीच्या आधी हा फरक समजून घ्या

विदर्भाच्या मातीत आकाशातून दोन अगदी वेगळ्या गोष्टी पडल्या आहेत. बुलढाण्यात प्राचीन काळी उल्का आदळली आणि लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर तयार झालं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, ऐन गुढीपाडव्याला, चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची दहाएक फुटांची कडी कोसळली. ती चिनी रॉकेटची असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे.

लोणारच्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं. हे खनिज आघाताच्या प्रचंड दाबाने काचेसारखं झालेलं असतं. त्यावरून हे विवर ज्वालामुखीचं नाही, हे पक्कं झालं. हा निसर्गाचा तपास, म्हणजे विज्ञान. ती कडी कोणत्या धातूची, कक्षेतून खाली कशी आली, पूर्ण जळाली का नाही, हे अभियांत्रिकीचे प्रश्न.

आपल्याकडे दोन्हींची सरमिसळ होते. "पोरीले तारे पाहाचा लय नाद हाय, तिले इस्रोत टाकाचं हाय," असं पालक कौतुकाने सांगतात. पण इस्रोचं मुख्य काम रॉकेट आणि उपग्रह बनवणं, ते चालवणं. तिथे मोठी भरती मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या अभियंत्यांची होते. त्यासाठी बी.ई. किंवा बी.टेक. करायचं. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाश विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संस्थेला जेईई अॅडव्हान्स्डमधून प्रवेश मिळतो.

जिला तारा का फुटतो याचंच वेड आहे, तिने भौतिकशास्त्र धरावं: बी.एस्सी., एम.एस्सी., मग पीएच.डी. किंवा बारावीनंतर थेट आयसर, म्हणजे विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन करणारी केंद्रीय संस्था. वाट लांब आहे आणि पगार उशिरा सुरू होतो, हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं. पण ही वाट महाराष्ट्रातूनच जाते. जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पुण्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रेडिओ लहरी टिपतात.

दोन्ही वाटा भेटतातही. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या आदित्य-एल१ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावरची 'सूट' दुर्बीण आयुकाच्या पुढाकाराने बनली, आणि तिला वर नेलं इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने. भूगोलाची आवड असेल तर उपग्रहचित्रांवरून पिकं, पाणी, जंगल अभ्यासणारं सुदूर संवेदन हे तिसरं क्षेत्र आहे. इस्रोचं त्याचं प्रादेशिक केंद्र आपल्या नागपुरातच आहे.

गावाकडच्या मुलांपर्यंत एक गोष्ट फारशी पोहोचतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इस्रोत जायला पदवीच लागते असं नाही. दहावीनंतर फिटर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक असे ट्रेड घेऊन आयटीआय केलेल्यांसाठी तंत्रज्ञाची पदं निघतात, डिप्लोमावाल्यांसाठी तांत्रिक सहायकाची. कोणत्या केंद्राला कोणता ट्रेड हवा ते प्रत्येक जाहिरातीत बदलतं, म्हणून इस्रोच्या वेबसाइटवरचं भरतीचं पान अधूनमधून उघडून पाहत राहा.